भिंतीपासून वीतभर दूर

पडदा वर जातो तेव्हा समोर एका तीन मजली इमारतीची मागची बाजू दिसते. गाव माणिकपूर. डावीकडे पाण्याची टाकी, उजवीकडे कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे रिक्षा स्टँड. तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मधोमध, जमिनीपासून थेट दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत, विड्याच्या पानांची एक वेल भिंतीला घट्ट बिलगून चढलेली. वेळ सकाळी दहाची, जानेवारी संपत आलेला, साल दोन हजार चार. पात्रं तीन. वेलीला पाठ लावून उभे असलेले दिनानाथ चुरी, वय सहासष्ट. त्यांच्यासमोर हातात कागद घेतलेले सोसायटीचे सेक्रेटरी मार्सेल तुस्कानो. आणि थोडा बाजूला मी, दिनानाथभाऊंचा जुना मित्र. या प्रवेशात मला एकही वाक्य नाही. चाळीस वर्षं नाटकात काढलेली असल्यामुळे वाक्य नसताना कसं उभं राहायचं, ते मला येतं.

"दिनानाथभाऊ, मी वाईट माणूस नाही," मार्सेल म्हणाले.

"मी कुठे म्हटलं तसं?"

"तुमचा चेहरा म्हणतोय."

"चेहरा जन्मापासून असाच आहे. यमुनाला विचारा."

यमुनावहिनी वर खिडकीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. "असाच आहे," त्या वरूनच म्हणाल्या.

मार्सेलना हसू आलं, पण त्यांनी कागद वाचलाच. सोसायटीच्या सभेत ठराव झाला होता. मागच्या भिंतीवरची वेल पावसाळ्याआधी मुळापासून काढायची. कारण खरं होतं. पहिल्या मजल्यावर मार्सेलचं घर, आणि त्यांच्या आतल्या खोलीची भिंत दोन पावसाळे ओली राहत होती. वेलीच्या प्रत्येक पेराला बारीक मुळं फुटतात. ती गिलाव्याच्या भेगांत शिरली होती आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येत होतं. मार्सेलच्या पत्नी रोझलिनबाई यांचं कपाट त्या भिंतीला लागून होतं. कपाटाच्या पाठीला बुरशी आली, आणि लग्नातले फोटो एकमेकांना चिकटले. "माझ्या लग्नात आता माझी सासूच नवरी दिसते," असं रोझलिनबाई सभेत म्हणाल्या होत्या. सगळे हसले होते. दिनानाथभाऊ हसले नव्हते.

ते का हसले नाहीत हे कळायला त्यांची वाडी माहीत असायला हवी. वसईत होळी बाजाराच्या बाजूला चुरींची पानवेलींची वाडी होती. त्यांच्या आज्याने लावलेली, वडिलांनी वाढवलेली. एका बाजूला केळी, कडेने मोगरा, मध्ये विहीर, आणि आत पानमळा. मी नाटकाच्या तालमींसाठी वसईत यायचो तेव्हा एकदा ते मला तिथे घेऊन गेले होते. बाहेर कडक ऊन, आणि आत शिरल्याबरोबर अंगावर ओला पंचा टाकावा तसा गारवा. मी आत पाऊल टाकणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "नटवर्य, चपला." पानमळ्यात पायताण घालून कोणी जात नाही. मालक नाही, गडी नाही, व्यापारी नाही. मी अनेक देवळांत नाटकं केली, पण इतक्या चटकन चपला मी कुठेच काढल्या नसतील.

पुढे चार भावांच्या वाटण्या झाल्या, विहिरीचं पाणी खारट होत गेलं, आणि शहाण्णव साली वाडी बिल्डरला विकली गेली. दिनानाथभाऊंनीही सही केली. त्यांनी मला सांगितलं होतं की सही करताना हात थरथरला नाही, याचीच त्यांना नंतर लाज वाटली. वाडीतून निघताना त्यांनी वेलीचे काही तुकडे कापले आणि केळीच्या खोडाच्या ओल्या सोपात गुंडाळून माणिकपूरला आणले. गॅलरीत कुंड्यांमध्ये लावले, उन्हाने वाळले. गच्चीवर लावले, वाऱ्याने गेले. शेवटचा एक तुकडा त्यांनी इमारतीच्या मागे, टाकीखालच्या ओलसर सावलीत पुरला. तो जगला. म्हणजे तीन पिढ्यांच्या पानमळ्यातलं जे उरलं होतं ते एवढंच, आणि मार्सेलच्या हातातला कागद तेच मागत होता.

नेमकी पुढच्याच महिन्यासाठी त्यांची मुलगी कृतिका हिने सहल ठरवली होती. बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर. दहा दिवस, दादरच्या एका कंपनीबरोबर. यमुनावहिनींचे गुडघे दुखत, म्हणून खोलीतला जोडीदार म्हणून माझी वर्णी लागली. दिनानाथभाऊ जायला तयार नव्हते.

"मी तिकडे, आणि इकडे कोणी कोयता चालवला तर?"

मार्सेल जिन्यात उभे होते. ते म्हणाले, "तुम्ही परत येईपर्यंत एका पानाला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द."

"आणि लावलाच," यमुनावहिनी म्हणाल्या, "तर मी कुठे सहलीला चाललेय?"

आम्ही निघालो. बँकॉकमध्ये दिनानाथभाऊ बसच्या खिडकीशी बसून इमारती बघत होते, पण त्यांचा चेहरा आजाऱ्याच्या भेटीला आल्यासारखा. आमची मार्गदर्शक ऋतिका नावाची ठाण्याची चुणचुणीत मुलगी होती. तिला त्यांनी विचारलं, "अटे पानी कटे मुरते?"

ऋतिकाने माझ्याकडे पाहिलं. मी दुभाष्याचं काम केलं. "इथे पाणी कुठे मुरतं, असं विचारतायत."

"काका, मुरतं म्हणजे? हॉटेलमध्ये चोवीस तास गरम पाणी आहे."

"राहू दे," दिनानाथभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सगळीकडे आपलं माणिकपूरच आहे, नटवर्य. फक्त उंच."

क्वालालंपूरला ते हॉटेलच्या सव्विसाव्या मजल्यावरून खाली बघायलाही तयार नव्हते. बाकीची मंडळी फोटो काढत होती. हे पलंगावर बसून मला म्हणाले, "मला एक कळलंय. जिथे इमारत येते तिथून हिरवं जातं. त्यात मार्सेलची चूक नाही. सही मी केली, तेव्हाच ही वेलसुद्धा गेली. ती आपली आठ वर्षं उशिरा जातेय, एवढंच."  त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं.

आणि मग सिंगापूर. बस विमानतळावरून शहरात शिरत होती. दोन्ही बाजूंना मोठमोठी झाडं, एकमेकांत फांद्या गुंफलेली. ते ठीक, झाडं आपल्याकडेही आहेत. मग एक उड्डाणपूल आला. त्याच्या सिमेंटच्या खांबांवर खालपासून वरपर्यंत वेल. नुसती हिरवी. पुढचा खांब तसाच. त्याच्या पुढचा तसाच. रस्ता ओलांडायच्या पुलाच्या कठड्याला दोन्हीकडून बोगनवेल लोंबत होती, जांभळी. दिनानाथभाऊंनी माझं मनगट धरलं. वाडीत धरलं होतं तसंच.

"नटवर्य, तो खांब बघितलात?"

"बघितला."

"सिमेंटचाच आहे ना तो?"

"सिमेंटचाच."

पुढे सबंध रस्ताभर त्यांनी मनगट सोडलं नाही. माझी बोटं बधिर झाली. मी हात ओढून घेतला नाही. सहा दिवसांत पहिल्यांदाच हा माणूस काहीतरी बघत होता.

जेवायला बस एका भारतीय खाणावळीशी थांबली. ऋतिकाने बजावलं, "पंचेचाळीस मिनिटं. त्यानंतर बस निघणार." मंडळी आत गेली. दिनानाथभाऊ गेले नाहीत. खाणावळीच्या शेजारी गाड्या ठेवायची चार मजली इमारत होती, आणि तिची रस्त्याकडची सगळी भिंत वेलींनी झाकलेली होती. एखाद्या मोठ्या नाटकाच्या पडद्यासारखी, वरून खाली सलग. ते सरळ तिकडे चालायला लागले. मी मागे.

भिंतीला लागून मातीचा एक पट्टा होता. त्याच्या कडेला ते थांबले, वाकले, आणि कृतिकाने या सहलीसाठी घेतलेले नवे बूट त्यांनी काढले. मोजे काढले, घडी करून बुटांत ठेवले, बूट पदपथावर नीट ओळीत मांडले आणि अनवाणी पायांनी ते त्या मातीत शिरले.

लगेच एक रखवालदार आला. त्याने बुटांकडे पाहिलं, मग दिनानाथभाऊंकडे, मग माझ्याकडे. "सर, शूज?" तो म्हणाला. मी एका नाटकात इंग्रज कलेक्टर केला होता, आणि लोकांनी तो वाखाणलाही होता. पण त्या कलेक्टरला आपल्या मित्राच्या अनवाणी पायांचा खुलासा करायची वेळ आली नव्हती. मी म्हणालो, "गार्डन. रिस्पेक्ट." रखवालदाराने बूट उचलले. बहुधा हरवलेल्या वस्तूंत जमा करणार होता.

इतक्यात शिडीवरून हाक आली. वर एक माणूस वेल सोडवत होता. काळासावळा, साठीचा, डोक्याला रुमाल. तो तमिळमध्ये रखवालदाराला काहीतरी म्हणाला, आणि रखवालदाराने बूट होते तिथे ठेवले. मग तो माणूस खाली उतरला, दिनानाथभाऊंच्या पायांकडे बघत राहिला, आणि मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, "तुमचा पानमळा?"

हे त्याला कसं कळलं, ते मला आधी समजेना. त्याचं नाव शण्मुगम. त्याच्या वडिलांचा तंजावरकडे पानमळा होता, आणि तिकडेही चपला बाहेरच काढतात. हिरव्या भिंतीपुढे बूट काढणारा माणूस त्याने या शहरात वीस वर्षांत पाहिला नव्हता. दिनानाथभाऊंना इंग्रजी येत नव्हती, शण्मुगमला मराठी येत नव्हती, आणि मी मध्ये कलेक्टर. पण थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही. दोघं हातांनीच बोलायला लागले.

दिनानाथभाऊंनी बोटं भिंतीच्या दिशेने खुपसून दाखवली: मुळं आत जातात. मग तळहात ओला झाल्यासारखा झटकला: पाणी. मग कपाळाला हात लावला. तो अभिनय इतका स्वच्छ होता की मला हेवा वाटला.

शण्मुगमने मान हलवली आणि दोन्ही हातांनी पानं बाजूला सारली. आत वेलींच्या मागे लोखंडी जाळी होती. वेल भिंतीवर नव्हतीच, ती जाळीवर होती. आणि जाळी भिंतीपासून वीतभर पुढे, लोखंडी कोनांवर उभी केलेली. जाळी आणि भिंत यांच्यामध्ये मोकळी हवा. दिनानाथभाऊंनी जाळीतून हात आत घातला, तळवा भिंतीवर टेकवला आणि तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोरडी आहे."

मी त्यांना तीस वर्षं ओळखत होतो. वाडी गेल्यापासून त्यांच्या खांद्यांत एक ताठपणा आला होता, ओझं घेतलेल्या हमालाचा असतो तसा. तो माझ्यासमोर उतरला. मला वाटलं आता ते रडणार. पण ते हसायला लागले, आणि शण्मुगमही हसायला लागला, आणि तो रखवालदारसुद्धा, काही न कळता.

मग त्यांचं लक्ष शिडीखालच्या ढिगाकडे गेलं. शण्मुगम सकाळपासून वाढलेली वेल जाळीवरून सोडवून खाली घेत होता. दिनानाथभाऊंचं हसू तिथेच थांबलं. बूट घातले, शण्मुगमचे दोन्ही हात हातात घेतले आणि बसकडे निघाले. बस आमच्यासाठी वीस मिनिटं खोळंबली होती. डोंबिवलीचे एक गृहस्थ म्हणाले, "काका, गाड्या ठेवायची जागा बघायला सिंगापूरला आलात होय?"

"हो," दिनानाथभाऊ म्हणाले. "फार छान आहे. तुम्ही बघितली नाही?"

बस सुटल्यावर ते हळू आवाजात मला म्हणाले, "नटवर्य, चूक माझी आहे. भिंतीची नाही, वेलीची नाही, मार्सेलची तर नाहीच."

"म्हणजे?"

"पानवेल दरवर्षी उतरवायची असते. उंच गेली की तिला सोडवून खाली घ्यायची, जुनं खोड बुंध्याशी वेटोळं करून मातीत पुरायचं, शेंडा तेवढा वर ठेवायचा. मग ती पुन्हा नव्याने चढते. आमच्याकडे त्याला उतरण म्हणतात. माझ्या बापाने एक वर्ष चुकवली नाही. मी तीन वर्षं केली नाही."

"विसरलात?"

"विसरेन कसा? पहिल्या वर्षी ती मार्सेलच्या खिडकीपर्यंत आली होती. म्हटलं, अजून एक मजला. माझ्या खिडकीत आली की मग बघू. आली, तर मग मन होईना. सकाळी उठलो की समोर पान. वाडीतच जाग आल्यासारखं वाटायचं." बाहेर वेलीने झाकलेला एक खांब गेला, त्याच्याकडे त्यांनी बोट केलं. "वाडीत वेल कधी भिंतीला लावली नाही कोणी. शेवग्यावर चढवायचो, पांगाऱ्यावर चढवायचो. इथे मी तिला भिंत दिली आणि खाली आणायचं टाळलं. ती बिचारी मुळं रोवणार नाही तर काय करणार?"

त्या संध्याकाळी त्यांनी हॉटेलच्या फोनवरून घरी फोन लावला. रोज पहिला प्रश्न असायचा, वेल आहे का. त्या दिवशी तो आलाच नाही.

"यमुना, मार्सेलभाऊंना सांग, त्यांनी काही करायचं नाही. वेल मीच उतरवणार आहे."

 पलीकडून यमुनावहिनींचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

"बरं आहे. खूप बरं आहे."

"मग ठीक. जेवलात का?"

परतल्यावर मार्चच्या पहिल्या आठवड्यात उतरण झाली. सकाळी लवकर दिनानाथभाऊ शिडीवर चढले, हातात बोथट सुरी. भिंतीत शिरलेलं एकेक मूळ त्यांनी अलगद सोडवलं. यमुनावहिनी गुडघ्यांची तक्रार विसरून खाली ओलं गोणपाट अंथरून बसल्या होत्या. वरून येणारी वेल त्या कडेवरच्या पोराला घ्यावं तशी हातांवर झेलत होत्या. मार्सेल मदतीला आले आणि तीन पावलांवर थांबले. त्यांनी यमुनावहिनींच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, काही न विचारता सँडल काढल्या आणि शिडी धरली.

"पाय भाजतायत," उन्हं वर आल्यावर ते म्हणाले.

"सेक्रेटरीचे आहेत, सवय नसणार," वरून उत्तर आलं.

दुपारपर्यंत भिंत उघडी पडली. गिलाव्यावर मुळांच्या खुणांचं जाळं दिसत होतं, आणि भेगा इतक्या की रोझलिनबाई खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "बाई गं, एवढं सगळं माझ्या कपाटामागे होतं?" दिनानाथभाऊंनी खोड वेटोळं करून खड्ड्यात बसवलं, वर माती आणि शेणखत घातलं. मातीवर फक्त हातभर शेंडा उरला. चार पानांचा.

नंतर मार्सेलनी भेगा बुजवून घेतल्या, गिलावा केला, रंग दिला. कामणच्या एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी कोन आले. ते भिंतीत बसवून, त्यांच्यावर बांबूची जाळी बांधली. दिनानाथभाऊ प्रत्येक ठिकाणी वीत लावून अंतर बघत होते. आणि दोघांमध्ये बोली झाली. एक पावसाळा वेलीला मिळेल. जुलै अखेर रोझलिनबाईंची भिंत कोरडी निघाली तर ठराव रद्द. ओली निघाली तर वेल मुळापासून जाईल, आणि दिनानाथभाऊ एक शब्द बोलणार नाहीत.

ते चार महिने काही सोपे गेले नाहीत. त्यांच्या खिडकीत आता समोर नुसतं आकाश आणि रिक्षा स्टँडची पाटी. सकाळचा चहा ते खाली वेलीजवळ उभे राहून प्यायला लागले. एप्रिलच्या उन्हात ती सुकली, आणि आठ दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. मेमध्ये नवा कोंब आला. जूनमध्ये पाऊस लागला आणि ती वाढायला लागली, तशी त्यांची भीतीही वाढली. वेल जगावी असंही वाटे, आणि ती मार्सेलच्या खिडकीशी पोचू नये असंही वाटे. केळीच्या सोपाने तिला जाळीला बांधताना ते तिच्याशी वाडवळीत, आपल्या घरच्या बोलीत, काहीतरी पुटपुटत. मी एकदा विचारलं, काय सांगता तिला? म्हणाले, "भिंतीकडे बघू नको म्हणतो."

जुलैच्या शेवटच्या रविवारी, चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर, मार्सेलनी आम्हाला बोलावलं. आठवडाभर धो धो पाऊस पडला होता. दिनानाथभाऊंनी धुतलेला सदरा घातला होता. मी त्यांच्या मागे. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या आधी विंगेत मी सदऱ्याची बटणं पुन्हा पुन्हा तपासायचो, ती वयाच्या सत्तराव्या वर्षी एका कपाटासाठी तपासत होतो.

रोझलिनबाई आमच्या पुढे निघून गेल्या. "मी पण पक्की आहे," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये कपाट आणि भिंत यांच्यामध्ये पेपर लावून ठेवलाय. रंग वरून कोरडा दिसतो, हात फसतो. पेपर फसत नाही."

मार्सेलनी आणि मी कपाट पुढे ओढलं. दिनानाथभाऊ दारातच उभे राहिले. आत आले नाहीत. रोझलिनबाईंनी मागे हात घालून वर्तमानपत्राची दुहेरी घडी बाहेर काढली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात उलटीसुलटी केली, बोटाने चाचपली, नाकाशी नेली. मग दोन्ही हातांत धरून जोराने झटकली. कागद पापडासारखा खडखडला.

 मार्सेलनी खिशातून ठरावाची प्रत काढली, तिची चार भागांत घडी केली आणि कपाटाच्या डगमगणाऱ्या पायाखाली सरकवली.

दिनानाथभाऊ आत आले आणि कोणी बसा म्हणायच्या आत समोरच्या खुर्चीत बसले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"रोझलिनवहिनी," ते म्हणाले, "थोडं पाणी द्याल का? सकाळपासून घोटभरही प्यायलो नाहीये."